तळाची पीकपाहणी

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या अटलांटिक किनाऱ्याला लागून उथळ खाड्यांची एक ओळ आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले समुद्री गवत रोगाने खंगले आणि ऑगस्ट १९३३च्या चक्रीवादळाने उरलेसुरलेही गेले. या गवताच्या आसऱ्याने वाढणारी स्कॅलप नावाची शिंपली संपली, तिच्यावर पोट असलेल्यांचा धंदा बुडाला. पुढची साठेक वर्षे तो तळ उघडा राहिला. आज तिथे साडेतीन हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर गवत आहे. समुद्री गवत परत आणण्याचे जगातले सर्वांत मोठे यश म्हणून त्याचे नाव घेतात. कौतुक बियाण्याचे आणि ते पेरणाऱ्या हातांचे होते, ते योग्यच आहे. मला मात्र त्यामागचे नकाशे तितकेच मोलाचे वाटतात.

व्हर्जिनियाच्या सागरी विज्ञान संस्थेने १९८४पासून जवळजवळ दरवर्षी विमानातून या पाण्याची छायाचित्रे घेतली आहेत. ओहोटी हवी, वारा पडलेला हवा, सूर्य इतका खाली हवा की पाण्यावर चमक येऊ नये, आणि गवत ऐन भरात असतानाचा हंगाम हवा. एवढे जुळले की विमान उडते. मग छायाचित्रातल्या गडद डागांपैकी गवत कोणते आणि शेवाळ कोणते, याची खातरजमा करायला माणसे पाण्यात उतरतात.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस साउथ बे नावाच्या खाडीत गवताचे छोटे ठिपके आढळले, आणि त्यांनी एक मोठा प्रश्न सोडवला. पाणी गवताला मानवणारे होते, कमी होते ते बी. या गवताचे बहुतेक बी आईच्या रोपापासून काही मीटरांतच तळाला बसते, त्यामुळे दूरच्या कुरणातून ते आपोआप येण्याची आशा कमी. जवळच्याच चेसापीक उपसागरात दुखणे वेगळे होते. तिथे पाणी गढूळ, उन्हाळ्यात तापणारे. तिथल्या बहुतेक लागवडी टिकल्या नाहीत. राज्य एक, गवत एक. एकीकडे बियाण्याची वाण, दुसरीकडे उजेडाची. हा फरक कळला नसता तर बियाणे सारख्याच उत्साहाने दोन्हीकडे पडले असते आणि अर्धे वाया गेले असते.

याच संस्थेचे रॉबर्ट ऑर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ ते २०१८ या काळात सुमारे साडेसात कोटी बिया पेरल्या. वसंतात स्वयंसेवकांनी पाण्यात उतरून बीधारी तुरे हाताने खुडायचे, शरद ऋतूत बी टाकायचे. पेरणी झाली २१३ हेक्टरांवर, गवत पसरले ३,६१२ हेक्टरांवर. पेरलेल्या जागेवरच डोळे ठेवले असते तर सतरापट पसरलेले हे गवत कुणाच्या हिशेबातच आले नसते. २०१५च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि साउथ बेतले गवत मोठ्या प्रमाणावर मेले; पुढच्या काही वर्षांत ते सावरले. तेही मोजलेले आहे, म्हणूनच पुढची पेरणी कुठे टिकेल याचा अंदाज बांधता येतो.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्राच्या खारफुटीची नोंद भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी उपग्रहावरून घेते. २०२१च्या अहवालात ती ३२४ चौरस किलोमीटर होती. २००५मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटीवर कुऱ्हाड चालवायला मनाई केल्यावर नकाशे झाले, आणि तोडणाऱ्याला जाब विचारायला काहीतरी हाती आले. ओहोटीच्या रेषेखाली मात्र असे काही नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७मध्ये घोषित झाले, क्षेत्र २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांवर प्रवाळ आहेत. तिथे पर्यटक बुडी मारतात, होड्या नांगर टाकतात, पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडतात. पण त्यातले किती सावरले आणि किती मेले, याचा दर दोन वर्षांनी छापून येणारा आकडा नाही. आपल्या सातबाऱ्यावर दर हंगामाची पीकपाहणी लागते. तळाचीही तशीच लागायला हवी.

व्हर्जिनियाची पद्धत जशीच्या तशी कोकणात चालणार नाही. पावसाळ्यात नद्यांचा गाळ उतरतो, पाणी बराच काळ निवळत नाही. विमानाला किंवा उपग्रहाला तळ दिसत नाही. इथे बोटीवरून ध्वनिलहरी सोडून खोली आणि खडप शोधावे लागतील आणि दरवर्षी त्याच जागी टेप अंथरून पाणबुड्यांनी प्रवाळ मोजावे लागतील.

आणि मच्छीमारांवाचून हे होणार नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून खडप कुठे आहे हे सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांची भीती मात्र खरी आहे. अभयारण्याच्या नावाखाली मासेमारीच बंद होईल, हा संशय मालवणात जुना आहे. त्यात माशांच्या जागा नकाशावर जाहीर झाल्या तर पर्ससीनची मोठी जाळी टाकणारे आणि एलईडी दिव्यांनी मासे ओढणारे आधी पोचतील. यावर मार्ग आहे. एखाद्या भागात प्रवाळ वाढले की घटले, हा हिशेब सर्वांसाठी खुला ठेवावा. खडपाची नेमकी जागा गावच्या मच्छीमार संस्थेच्या संमतीशिवाय छापू नये. मोजणीच्या बोटी त्यांच्याकडूनच भाड्याने घ्याव्यात, पाणबुडे त्यांच्या पोरांमधून तयार करावेत आणि त्यांना रीतसर मजुरी द्यावी.

प्रवाळाचे तुकडे सिमेंटच्या चौकटींवर लावण्याचे काम छायाचित्रात छान दिसते, म्हणून त्याला पैसा सहज मिळतो. मोजणीला मिळत नाही. माझी मागणी अशी आहे: मालवणात पाणी निवळले की, डिसेंबर ते मार्चमध्ये, दरवर्षी मोजणी व्हावी, निदान दहा वर्षे, आणि तिच्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद असावी. प्रवाळ कुठे लावायचे हे पहिल्या काही मोजण्यांनंतर ठरवावे. तोवर लागवडीचा पैसा याच कामाकडे वळवावा.