अंदाजपत्रकातला एक तास

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या. सौ. चकलीची भाजणी दळून आणते आणि मी सहलीचे अंदाजपत्रक करायला बसतो. भाजणी बहुधा साधते. अंदाजपत्रकाचे सांगता येत नाही.

यंदा विषय अण्णांनी काढला. अण्णा म्हणजे आमचे वडील. वय एक्क्याऐंशी. उमेदीची अकरा वर्षे त्यांनी खुल्दाबादच्या शाळेत गणित शिकवले. "अरे, एकदा रौजाला जाऊन येऊ या," ते म्हणाले. रौजा हे खुल्दाबादचे जुने नाव. अण्णांच्या तोंडून ते अजून जात नाही.

छत्रपती संभाजीनगरहून खुल्दाबाद अवघे पंचवीस किलोमीटर. एवढ्या जवळच जायचे, तर वाटेतला दौलताबादचा किल्ला का सोडा? आणि पुढे चार-पाच किलोमीटरवर वेरूळ! मी वही उघडली. फार काटकसर नको, उधळपट्टीही नको. बेताची पण सुखाची सहल. पाच माणसे, पाच हजार रुपये.

दिवसभराची मोटार २,८००. तिकिटांमध्ये वेरूळचे मोठ्या माणसाला ४० आणि किल्ल्याचे २५. पंधरा वर्षांखालच्यांना काही नाही, म्हणजे आमची दोन्ही चिरंजिवे फुकट. तिघांचे मिळून १९५. हॉटेलातले जेवण १,५००. फुले आणि दानधर्म २००. उरले ३०५, ते अवांतर. वेरूळ मंगळवारी बंद असते, म्हणून बुधवार धरला.

"अहो, एस.टी.ने गेलो तर?" सौ.ने मध्येच विचारले. तिचेही खोटे नव्हते. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट. पण अण्णांना गाडीची पायरी चढवत नाही. काटकसर करावी, पण म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांवर करू नये. मोटार कायम झाली.

मेहुणीने मात्र फोनवर नाक मुरडले. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या थडग्यावरून राज्यात वाद पेटला होता. "तिथे आता कशाला जाता? वर्तमानपत्रांत काय काय छापून येत होते!" अण्णांनी ते ऐकले. म्हणाले, "त्या गावात माझा मित्र राहतो. वर्तमानपत्र राहत नाही."

मग मी वेळापत्रकही आखले आणि मोठ्या अभिमानाने अण्णांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, पाटीवरचे उदाहरण तपासावे तशी एकेक ओळ पाहिली आणि एका जागी बोट ठेवले.

"खुल्दाबादला अर्धा तास?"

"दर्गे पाहायला पुरे होईल, अण्णा."

"बेरीज बरोबर आहे तुझी. गणित चुकले. ज्या गावासाठी निघालो त्याला अर्धा तास, आणि वाटेतल्या किल्ल्याला दोन?"

मी गप्प बसलो. कारण किल्ल्यावर अण्णा चढणारच नव्हते. ते दोन तास त्यांनी पायथ्याशी मोटारीत बसून काढायचे, हे मी हिशेबात धरलेच नव्हते. मी किल्ला खोडला. ७५ रुपये वाचले ते वेगळेच.

बुधवारी सकाळी निघालो. सौ. आधी भद्रा मारुतीला गेली. निजलेल्या मारुतीचे हे देऊळ खुल्दाबादेतच. श्रावणातल्या शनिवारी शहरातून माणसे रात्रभर चालत इथे येतात. अण्णा म्हणाले, "आमच्या मौलवीसाहेबांच्या ओट्यावर त्या रात्री चालणाऱ्यांसाठी पाण्याचा माठ असे." मौलवीसाहेब म्हणजे शाळेतले उर्दूचे शिक्षक.

मग दर्गे. जोडे बाहेर काढायचे, डोके झाकायचे. चौदाव्या शतकात दिल्लीहून आलेले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब इथे विसावले. बुऱ्हाणपूर शहराला नाव त्यांचेच. गावात मलिक अंबरचीही कबर आहे. आमचे शहर त्यानेच १६१० साली खडकी म्हणून वसवले.

समोरच जैनुद्दीन शिराझींचा दर्गा, आणि त्याच्या आवारात औरंगजेबाचे थडगे. वर छप्पर नाही. नुसती माती आणि त्यात लावलेले एक रोपटे. भोवतीची संगमरवरी जाळी फार पुढची. १७०७ साली वारलेल्या या बादशहाचे म्हणून एक मृत्युपत्र सांगितले जाते. टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे कफनाला खर्चावे, आणि कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये फकिरांना वाटावे.

"बाबा, तुमचे अवांतर पण ३०५ आहे!" धाकटा ओरडला. सगळे हसले. अण्णा म्हणाले, "पन्नास वर्षे राज्य केले, निम्मा काळ दक्षिणेत लढण्यात घालवला. तेवढ्यात खजिना रिता झाला. शेवटचा हिशेब मात्र आण्यांपर्यंत चोख!"

तिथून मौलवीसाहेबांचे घर. दार त्यांच्या सुनेने उघडले. मौलवीसाहेब खाटेवर बसलेले. दोन्ही डोळ्यांनी आता फारसे दिसत नाही. अण्णा नुसते "मौलवीसाहेब" म्हणाले. म्हाताऱ्याने मान वर केली, हवेत हात पुढे केला आणि म्हणाला, "मास्तर! इत्ते दिनां कां थे?"

अण्णांना उत्तर देता आले नाही. पंचवीस किलोमीटर अंतर आणि चौदा वर्षांत एकदाही नाही. गुडघे होते, माझी नोकरी होती, मुलांच्या परीक्षा होत्या. प्रत्येक वर्षी अंदाजपत्रकात म्हैसूर बसले, उटी बसली. रौजा तेवढे "जवळच आहे" म्हणून राहिले.

जेवल्याशिवाय कोणी सोडीना. सौ. शाकाहारी, सुनबाईंनी तिच्यासाठी वेगळी वरण-भाकरी केली. दोघे म्हातारे शेजारी बसून मेलेल्या हेडमास्तरांच्या नकला करीत होते. मी घड्याळ काढून खिशात ठेवले. वेरूळला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. एकटे कैलास लेणे पाहिले. कोणी कुरकुरले नाही.

परतताना रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या होत्या. अण्णांनी एक घेतली आणि मोटार मागे फिरवायला लावली. ती मौलवीसाहेबांच्या घरी पोहोचवून मगच आम्ही शहराची वाट धरली.

रात्री हिशेब मांडला. हॉटेलचे १,५०० शिल्लक. सौ. म्हणाली, नवा कुकर घेऊ. मी ते पुढच्या पानावर ओढले आणि वर लिहिले : "रौजा, माघ महिन्यात." आणि खाली, वाहनखर्चाच्याही आधी, पहिलीच बाब : "वेळ – पूर्ण दिवस."

अण्णांनी पान पाहिले. "आता बरोबर," म्हणाले, आणि चष्मा काढून ठेवला.