छातीवरचा तिरंगा



१५ ऑगस्ट होऊन तीन आठवडे झाले. त्या दिवशी आमच्या गावात जे झाले ते आधी लिहितो, मग बाकीचे बोलू.

झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. यंदाची ग्रामसभा दर वर्षासारखी नव्हती. वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले, आणि आमच्या वनहक्क समितीने भर पावसात पाड्यापाड्याला फिरून दावे भरून घेतले होते. ते दावे सभेत वाचायचे होते. म्हाताऱ्यांचे जबाब लिहिलेले, दंडाच्या जुन्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या. डोंगरावरच्या पाड्यातल्या बाया पहाटे निघून, नाला ओलांडून आल्या होत्या.

पाहुणे म्हणून एक पुढारी आले. नाव लिहीत नाही, असे प्रत्येक तालुक्यात आहेत. कडक पांढरा झब्बा, आणि छातीवर डाव्या बाजूला तिरंग्याचा चकचकीत बिल्ला. सोबतच्या चार-पाच जणांच्या छातीवर पण तसलाच. पाऊण तास भाषण झाले. देशावर प्रेम करा, देशासाठी त्याग करा. भाषण संपल्यावर समितीच्या अध्यक्ष काकांनी दाव्यांचा गठ्ठा पुढे केला. साहेब म्हणाले, "आज राष्ट्रीय सण आहे, आज हे जमिनीचे विषय नको." गाडी धूळ नाही तर चिखल उडवत पुढच्या गावाला गेली. ग्रामसेवक पण त्याच गाडीत बसले. सभा झालीच नाही. बाया परत नाला ओलांडून गेल्या.

संध्याकाळी आपल्या पोरांत यावरून वाद झाला. एक जण म्हणाला, पुढाऱ्यांना हे बिल्ले लावायला बंदीच पाहिजे. दुसरा म्हणाला, उलट आपणच लावू, पुढच्या मोर्चात सगळ्यांच्या छातीवर तिरंगा पाहिजे, म्हणजे कोणी आपल्याला नक्षलवादी, देशविरोधी म्हणणार नाही. रात्री उशिरापर्यंत चालले. म्हणून हा विषय इथे घेतला.

कायदा काय सांगतो ते पाहू. पूर्वी साध्या माणसाला वर्षभर झेंडा लावायची मोकळीक नव्हती. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली आणि ती मिळाली. २००४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितले की मान राखून तिरंगा फडकवणे हा नागरिकाचा हक्क आहे. २००५ ला कपड्यावर वापरायची सवलत आली, पण कमरेच्या खाली नाही. म्हणजे झेंडा अंगावर कुठे असावा हे कायद्यात आहे. तो लावून माणसाने ग्रामसभा उधळू नये, असे त्यात कुठे नाही.

बंदी मागणे आम्हाला पटत नाही. आज पुढाऱ्याला बंदी, उद्या आपल्या पोराने मोर्चात झेंडा धरला तर त्यालाही अडवतील. आणि बिल्ला लावणारा प्रत्येक जण खोटा, असेही नाही. मी शाळेत असताना रुपयाचा कागदी तिरंगा खिशाला टाचणीने लावला होता आणि दोन दिवस काढला नव्हता. त्याच पावसाळ्यात नाकेदार बापाचा नांगर घेऊन गेला. तरी झेंडा मी फेकला नाही, वहीत ठेवला. झेंड्याने नांगर नेला नव्हता.

पण एक गोष्ट पुढाऱ्यांना विचारलीच पाहिजे. तुमच्या पक्षाच्या उपरण्यावर पण तेच तीन रंग, मधे कुठे हात, कुठे घड्याळ. आमच्या आजीला देशाचा झेंडा आणि मतांचा झेंडा वेगळा आहे हे अजून पटत नाही. ती म्हणते, दोन्ही घेऊन तीच माणसं येतात ना! तिचे काय चुकले? निवडणुकीत उपरणे आणि १५ ऑगस्टला बिल्ला, असे केल्यावर देश तुमच्याच पक्षाचा आहे असे दिसायला लागते. मग तुम्हाला प्रश्न विचारणारा देशाला प्रश्न विचारतो असे होते. खरी चलाखी इथे आहे. त्या दिवशी काकांच्या हातातला गठ्ठा कशाने मागे सरकला? साहेबांनी कायद्याचे एक कलम सांगितले नाही. नुसता सण दाखवला.

संविधानात नागरिकांची कर्तव्ये लिहिली आहेत, कलम ५१ क. झेंड्याचा मान ठेवा हे त्यातल्या पहिल्याच कर्तव्यात आहे. पण ते वाक्य झेंड्यापासून सुरू होत नाही. आधी आहे संविधानाचे पालन करा. मग त्याचे आदर्श, त्याच्या संस्था, आणि मग झेंडा आणि राष्ट्रगीत. ग्रामसभा ही पण संविधानाने मानलेली संस्था आहे. बिल्ला लावून ती बंद पाडणाऱ्याने वाक्याचे शेपूट धरले आणि डोके सोडले.

आपल्याला देशप्रेम कोणी शिकवावे, हा पण प्रश्न आहे. संविधान सभेत २२ जुलै १९४७ ला तिरंगा मंजूर झाला तेव्हा जयपाल सिंग मुंडा आदिवासींच्या वतीने बोलायला उभे राहिले. आदिवासी गावांना आपापले झेंडे आधीपासून आहेत, आता त्यांच्या जोडीला हा पण आमचा, असे त्यांनी सांगितले. कोणाकडून प्रमाणपत्र मागितले नाही.

झारखंडच्या टाना भगतांची गोष्ट शिबिरात ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. हे उरांव आदिवासी. १९१४ च्या सुमारास जतरा भगत यांनी त्यांची चळवळ उभी केली, पुढे ते गांधींच्या आंदोलनात उतरले. इंग्रजाला शेतसारा देणार नाही म्हणाले, तर जमिनी लिलावात गेल्या. आजही त्यांच्या अंगणात चरख्याचा तिरंगा असतो आणि ते त्याची पूजा करतात. जमिनी परत करायचा कायदा स्वातंत्र्य आल्या आल्या झाला. तरी कित्येक कुटुंबे अजून कचेरीच्या पायऱ्या चढतात. इतका तिरंगा मानणारे लोक देशात दुसरे दाखवा. त्यांना जमीन मिळाली नाही, मग आपण बिल्ला लावल्याने आपले दावे मंजूर होतील असे त्या दुसऱ्या पोराला का वाटते?

म्हणून भीतीपोटी लावू नका, एवढेच आमचे म्हणणे. नक्षलवादी म्हणणारे बिल्ला पाहून थांबणार नाहीत. ज्याला मनापासून लावायचा त्याने लावावा, त्याला कोणी हसू नये. ज्याने लावला नाही त्याला का नाही लावला असे विचारू नये, पुढाऱ्याला पण नाही. आपण पुढाऱ्याला विचारायचे ते ग्रामसभेचे.

येत्या ९ सप्टेंबरला नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याच्या चार सोबत्यांच्या स्मारकावर हार पडतील. १९४२ ला ही पोरे झेंडा घेऊन गोळीसमोर उभी राहिली. हार घालायला बिल्लेवाले बरेच येतील. आपले पण काही साथी जाणार आहेत. तिथे घोषणा देऊ नयेत असे बैठकीत ठरले आहे. फक्त आमच्या गावची थांबलेली ग्रामसभा पुन्हा कधी घेता, एवढे लेखी निवेदन हातात द्यायचे आणि पोच घ्यायची.

ज्या गावांत १५ ऑगस्टला असेच झाले त्यांनी तारीख, वेळ आणि हजर लोकांचे अंगठे घेऊन कागद ऑफिसला पोचवावा. दंडाच्या पावत्या पावसात भिजल्या असतील तर सुकवून ठेवा, फेकू नका. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायला त्या कामाला येतील. पावती नसेल तर दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब पण चालतो.