भावनाशून्य कोण?

मा. संपादक,

‘स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला दुसऱ्याच्या दुःखाचं सोयरसुतक नसतं’ हे आपल्या लेखातलं विधान चूक आहे. समोरच्याच्या मनातलं ओळखणं या आजारात अनेकांना जड जातं, एवढंच खरं. त्या कामात लागणारे मेंदूचे भाग, कपाळामागचा मधला आणि कानामागे थोडा वरचा, अनेकदा वेगळे चालतात. दुसऱ्याचं दुखणं पाहून आतून हलणं मात्र निराळं; ते तुलनेनं शाबूत राहतं. चेहऱ्यावर काही उमटत नाही, तोही आजारच.

‘गोळ्या पुरेत’ हेही अर्धवट. गोळ्या भास-संशय आवरतात. माणसं ओळखायला वेगळा सराव लागतो. राहिला भावनेचा प्रश्न: ‘देवराई’ (२००४) या चित्रपटातला स्किझोफ्रेनियाचा रुग्ण शेष बहिणीत किती गुंतलेला आहे, हे लेखकांनी (सवडीनं) पाहावं.

दुरुस्ती छापावी.

– एका रुग्णाची बहीण, भाईंदर (पश्चिम)