एमक्यू-२ ला रखवालदार नेमू नका

अर्डुइनो, त्याला जोडलेलं एमक्यू-२ गॅस सेन्सरचं मॉड्यूल, एलसीडीवर 'गॅस : ४१२ पीपीएम' आणि गळती होताच रिलेवर फिरू लागणारा एक्झॉस्ट पंखा. विज्ञान प्रदर्शनात हमखास बक्षीस मिळवणारा हा प्रकल्प नवा रायपूरच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात खरोखरच बसवावा, असं म्हणणारे हौशी पुष्कळ आहेत.

त्यांचा पहिला दावा असा की, आकडा दिसतो म्हणजे गॅस मोजला गेला. मुळीच नाही. अर्डुइनो वाचतो तो ० ते १०२३ मधला आकडा फक्त व्होल्टेजचा आहे. सेन्सरच्या आतला टिन डायऑक्साइडचा थर तापवला की एलपीजी, अल्कोहोल, हायड्रोजन, धूर यांपैकी कशानेही त्याचा रोध घटतो. सॅनिटायझरलाही तो दाद देतो. उत्पादकाचा आलेख २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेचा. रायपूरचा मे महिना चाळिशीपलीकडचा आणि कोरडा, श्रावण दमट. त्यात मॉड्यूलवर बहुधा एक किलोओहमचा लोड रोधक असतो आणि उतरवून घेतलेला प्रोग्राम दहा किलोओहम धरून चालतो! याच मालिकेतल्या एमक्यू-१३५ ने कार्बन डायऑक्साइड मोजल्याचा दावा तर सोडूनच द्या. त्यासाठी अवरक्त किरणांवर चालणारा सेन्सर लागतो.

दुसरा दावा पंख्याचा, आणि तो घातक आहे. गॅस साचलेल्या खोलीत रिले किंवा पंख्याची ठिणगी स्फोटाला पुरते. सेन्सरवर पोलादी जाळी असते ती आतल्या हीटरमुळे बाहेरचा गॅस पेटू नये म्हणून. उत्पादकाने घेतलेली ही काळजी आपण रिले जोडून वाया घालवतो.

मग हे दीडशे-दोनशे रुपयांचं खेळणं फेकून द्यावं? हेही मला मान्य नाही. १९६२ मध्ये जपानच्या नाओयोशी तागुची यांनी याच तत्त्वावरचा सेन्सर शोधला, तो घरगुती गॅसगळती ओळखण्यासाठीच. तत्त्व खोटं नाही. प्रमाणित अलार्ममागे अंशांकन आणि चाचण्या असतात, आपल्या मॉड्यूलमागे नसतात, एवढंच. शिवाय एलपीजी पेटायला हवेत त्याचं प्रमाण साधारण १.८ टक्के, म्हणजे १८,००० पीपीएम लागतं. एमक्यू-२ काहीशे पीपीएमलाच प्रतिसाद देतो. अचूक मोजता येत नसलं तरी ओरडायला एवढं पुरे.

तेव्हा प्रकल्प जरूर करा. सेन्सर निदान २४ तास तापू द्या, हीटरला पाच व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा द्या, आपल्या स्वयंपाकघरातली नेहमीची पातळी वहीत टिपा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सेन्सर जमिनीलगत बसवा. पडद्यावर 'पीपीएम' ऐवजी 'कच्चं वाचन' लिहा. पंखा नको, बझर पुरे. आणि घरात आधी प्रमाणित अलार्म लावा, हा त्याच्या शेजारी शिकण्यासाठी ठेवा.

कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत मात्र एवढीही सूट नाही. जून २०१४ मध्ये जवळच्याच भिलाई पोलाद कारखान्यात या वायूच्या गळतीने सहा जणांचा बळी घेतला. त्याला वास नसतो. तो ओळखणाऱ्या एमक्यू-७ सेन्सरचा हीटर ६० सेकंद ५ व्होल्ट आणि ९० सेकंद १.४ व्होल्ट असा आळीपाळीने चालवावा लागतो. बाजारातली साधी मॉड्यूल त्याला सतत ५ व्होल्टच देतात.

गॅसचा वास आला तर पडद्यावरचं वाचन बघत बसू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, कुठल्याही स्विचला हात न लावता बाहेर पडा आणि १९०६ वर फोन करा.