जैनाबादचा वारसा आणि लेकींचे हक्कसोडपत्र

बुऱ्हाणपुरासमोर तापीच्या पैलतीरी जैनाबाद म्हणून गाव आहे. १६३१ च्या जूनमध्ये बुऱ्हाणपुरी मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात वारली आणि आग्र्यास नेईपर्यंत सुमारे सहा महिने तिचा देह या जैनाबादच्या आहूखान्याच्या बागेत विसावला होता, हे पुष्कळांस ठाऊक आहे. तिच्या मागे राहिलेल्या धनाचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. ती संपत्ती एक कोट रुपयांहून अधिक होती. शहाजहानने तिचा निम्मा भाग थोरली मुलगी जहांआरा हिला दिला आणि उरलेला निम्मा इतर मुलांत वाटला. शरियतीच्या हिशेबाने मुलीस मुलाच्या निम्मे मिळावयाचे. येथे बापाने ती मर्यादाही ओलांडली. या वाटणीवरून तलवार उपसली गेल्याचे इतिहास सांगत नाही. ज्या गादीला वारशाचा ठरलेला नियमच नव्हता, तिच्यापायी मात्र चौघे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले, आणि १६५८ साली औरंगजेब याच बुऱ्हाणपुरावरून आग्र्याच्या रोखाने निघाला.

कोणी म्हणेल, मोगलांचा दाखला आम्हांस कशाला? बरे, घरचा घेऊ. त्याच शतकात, मूळ पैठणच्या पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने ‘व्यवहारमयूख’ लिहिला. बहीण भावाच्याच गोत्रात जन्मलेली, म्हणून त्याने तिला वारसांच्या क्रमात बरेच वरचे स्थान दिले. पुढे इंग्रजी न्यायालयांनी मुंबई इलाख्यात कन्येला मिळालेला वारसा तिच्या पूर्ण मालकीचा मानला, तोही याच परंपरेच्या आधारे. तेव्हा लेकीला वाटा देणे ही दिल्लीहून आलेली नवी टूम आहे, असे जे आमचे सनातनी मित्र सांगतात, त्यांनी आपलीच पोथी एकदा उघडावी.

आमचा खरा रोख पोथीवर नाही, हक्कसोडपत्रावर आहे. तेराव्याचे गोडाचे जेवण आटोपते, पाहुणे पांगतात, आणि मग एक कागद पुढे येतो. “ताई, एवढी सही कर, म्हणजे पटवाऱ्याकडे नाव चढवायला बरे.” ताई सही करते. का करते? माहेरचा उंबरा तुटू नये म्हणून. भाऊबीजेच्या ओवाळणीची ही किंमत कित्येक एकर केळीच्या बागेइतकी असते, आणि तिला आम्ही ‘प्रेमाने सोडले’ असे गोंडस नाव देतो! ज्या प्रेमाने बहिणीने सोडावे, त्याच प्रेमाने भावाने कधी सोडल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

“तिच्या लग्नात खर्च केला की!” हे ठरलेले उत्तर. त्या खर्चाचे मांडव, वाजंत्री आणि जेवणावळी तिच्या नावे किती जमा झाल्या, हे त्यांनी सांगावे. भावाच्या लग्नाचा आणि शिक्षणाचा खर्च त्याच्या हिश्शातून कधी वजा होतो काय?

कायद्याला आता आडपडदा नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्राविना गेलेल्या पुरुषाच्या स्वतंत्र मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखा हिस्सा दिला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीचा दरवाजा मात्र मुलींना बंदच राहिला. महाराष्ट्राने तो १९९४ साली, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता, उघडला. मध्यप्रदेशाने उघडला नाही. म्हणजे रावेरची लेक सहदायाद झाली आणि हाकेच्या अंतरावरची जैनाबादची लेक २००५ सालापर्यंत बाहेर तिष्ठत राहिली. त्या वर्षी ९ सप्टेंबरपासून देशभर मुलीला जन्मतःच मुलासारखा हक्क आला. आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात निकालात काढले. कायद्याने दिलेले आम्ही तेराव्या दिवशी काढून घेतो, एवढेच.

या कामी आमच्या देवळांच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. बहिणीचा हिस्सा आपल्या खात्यात ठेवून त्यातून सभामंडपाला देणगी द्यावयाची आणि संगमरवरी पाटीवर वडिलांचे नाव कोरावयाचे, हा पुण्याचा कोणता प्रकार? विश्वस्तांना हे कळत नाही असे नाही. पण पावती फाडणारा हात असले प्रश्न विचारीत नाही.

मृत्युपत्र लिहा म्हटले की लोकांना यम दिसतो. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. करणाऱ्याच्या समक्ष सही करणारे दोन साक्षीदार मात्र हवेत. प्रोबेटचा बाऊ तर जैनाबादकरांनी कधीच करावयास नको होता. ती सक्ती मुंबईसारख्या जुन्या इलाखा-शहरांतील मृत्युपत्रांना व तेथील स्थावराला होती, आणि ते २१३ वे कलमही संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये रद्द केले. अर्थात मृत्युपत्र हे दुधारी शस्त्र आहे. त्याच कागदाने बाप आपली स्वतंत्र मिळकत सर्वस्वी मुलाला लिहून लेकीला वगळू शकतो, आणि पुष्कळ जण तेच करतात. येथे आमच्या गोमंतकीय वाचकांनी किंचित मान ताठ करावी. पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या आणि आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात उतरलेल्या व्यवस्थेत, मुले असलेल्या माणसाला आपल्या मिळकतीचा निम्माच भाग मनाप्रमाणे देता येतो. उरलेला निम्मा मुलामुलींचा, आणि तो सारखा. हे बंधन सर्व देशाने घ्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्त्रियांनी तर लेखणी आधी उचलावी. एका प्रकरणात लग्नानंतर अवघ्या तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला आणि सासरने मुलीला घराबाहेर काढले. ती माहेरी आली, शिकली, नोकरीला लागली, स्वतःच्या कमाईची पुंजी जमवून १९९६ साली निपुत्रिक वारली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याचे कलम १५ जसे आहे तसे वाचून, ती सारी कमाई नवऱ्याच्या वारसांना दिली. तिने मृत्युपत्र केले नव्हते.