नेमबाजीची सुरुवात: आधी छर्रा, मग काडतूस



'इथे आल्यावर' या आपल्या सदरात दर दिवाळीला कॅनडात नव्याने सुरू करता येईल असं काहीतरी आपण निवडतो. मोठ्यांचं पोहणं झालं, कर्लिंग झालं. यंदाचा विषय मात्र मी निवडलेला नाही, तो तुम्हीच माझ्या गळ्यात घातलात.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं पदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. त्याच पॅरिसमध्ये मनू भाकरने एअर पिस्तूलची दोन कांस्यपदकं घेतली. मी आठवड्यातून एक संध्याकाळ नेमबाजीच्या क्लबात जाते हे मंडळात ठाऊक आहे, त्यामुळे तेव्हापासून गणपतीत, कोजागिरीला, कुठेही मला दोन प्रकारची माणसं गाठतात. एक म्हणजे आया: "ताई, मुलगी शूटिंग शिकायचं म्हणतेय, पाठवू का हो?" दुसरे चाळिशीतले दादालोक: "रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धा असतात म्हणे. सुरुवात कुठून करायची?"

दोघांनाही माझं उत्तर एकच आहे. सुरुवात एअर पिस्तुलापासून करा. आईला हे ऐकून बरं वाटतं, दादांचा चेहरा पडतो. म्हणून कारणं नीट सांगते.

टिकल्यांच्या पिस्तुलापुढे

आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात आलेलं पहिलं रिव्हॉल्व्हर दिवाळीतलंच. पत्र्याचं, टिकल्या फोडणारं. खऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे फिरणारं चक्र असतं. त्यात बहुधा सहा घरं आणि प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकतं, मागचा घोडा उचलला जातो आणि सुटून काडतुसावर आपटतो. एवढी सगळी कामं एका बोटाने करायची, म्हणून चापाला चार-पाच किलोंचा जोर लागतो. घोडा आधीच अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप बराच हलका होतो, पण वेळ मोजली जात असताना तेवढी सवड नसते. सहा गोळ्या झाल्या की रिकाम्या पुंगळ्या झटकायच्या आणि सहा नवी काडतुसं एका दमात भरायची. ज्यांना हे जमतं त्यांना बघत राहावं, इतकं ते सफाईदार दिसतं. आयपीएससी या संघटनेच्या धावत-पळत नेम साधायच्या स्पर्धांत रिव्हॉल्व्हरचा वेगळा गट असतो. पोलिसांच्या सरावातून आलेल्या पीपीसी स्पर्धांतही रिव्हॉल्व्हर चालतं.

आमच्या क्लबात एक आजोबा आहेत. त्यांचं रिव्हॉल्व्हर माझ्या वयाहून जुनं आहे. शनिवारी येतात, शांतपणे तीस-चाळीस गोळ्या चालवतात, पुसून पेटीत ठेवतात. त्यांची मुलगीही उत्तम नेमबाज आहे. पण ते रिव्हॉल्व्हर तिला देता येणार नाही, ना हयातीत ना मृत्युपत्राने.

दार कसं बंद झालं

इथे हँडगन म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ही कायम कडक नियमांखाली राहिली आहेत. २१ ऑक्टोबर २०२२ पासून तर सामान्य माणसाला ती विकत घ्यायला, विकायला, कुणाला द्यायला बंदी आली. १५ डिसेंबर २०२३ ला सी-२१ हा कायदा मंजूर झाला आणि ही बंदी त्यात कायमची आली. ज्यांच्याकडे आधीपासून नोंदवलेली आहेत ते ती ठेवू शकतात, रेंजवर वापरू शकतात, पण पुढच्या पिढीकडे सोपवू शकत नाहीत. नवी माणसं येण्याची वाटच बंद झाल्यामुळे आजोबांचा खेळ त्यांच्याबरोबरच म्हातारा होतोय. परदेशात राहून एखादी गोष्ट मुलांपर्यंत पोचेल का, हा घोर आपल्यालाही असतो, म्हणून असेल कदाचित, पण त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटतं.

तरीही कायद्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. ६ डिसेंबर १९८९ ला माँट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका माणसाने १४ स्त्रियांना रायफलने मारलं. त्या धक्क्यातून उभ्या राहिलेल्या मागणीतून १९९५ चा फायरआर्म्स ॲक्ट आला. टोरांटोकरांना २०१८ च्या जुलैमधला डॅनफर्थवरचा गोळीबार आठवत असेल. तो हँडगननेच झाला होता. मी दहा वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई आहे. वर्गाचं दार आणि बंदूक या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की माझ्या पोटात गोळा येतो. आजोबांचं दुःख आणि हा गोळा, दोन्ही खरं आहे.

आता कायद्यातली फट नव्हे, रीतसर ठेवलेली खिडकी. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमध्ये असलेल्या हँडगनच्या प्रकारांत जे सराव करतात, खेळतात किंवा शिकवतात, त्यांना प्रांताच्या किंवा देशाच्या नेमबाजी संघटनेच्या पत्रावर सवलत मिळू शकते. देशपातळीवर ही संघटना म्हणजे शूटिंग फेडरेशन ऑफ कॅनडा. पण आयपीएससी, पीपीसी ऑलिंपिकमध्ये नाहीत, म्हणून रिव्हॉल्व्हरवाल्यांना त्या खिडकीचा उपयोग नाही. दादांनी फार तर एखाद्या परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली रेंजवर रिव्हॉल्व्हर चालवून पाहावं, हौस भागवावी आणि मग माझ्याबरोबर छर्ऱ्यांकडे यावं.

छर्ऱ्यांकडे

दहा मीटर एअर पिस्तूल हा ऑलिंपिकचा पूर्ण प्रकार आहे, लुटुपुटूचा खेळ नाही. हवेच्या दाबाने ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. छर्ऱ्याचा वेग सेकंदाला १५२.४ मीटर आणि जोर ५.७ ज्यूल, या दोन्ही मर्यादा ओलांडणाऱ्या एअरगनलाच इथे परवाना लागतो. स्पर्धेची बहुतेक एअर पिस्तुलं त्याखाली राहतात, तरी घेताना दुकानात विचारूनच घ्या. पहिले काही महिने घेऊच नका, क्लबचं वापरा. मुलांसाठी वयाची अट क्लबागणिक वेगळी असते, तीही फोन करून विचारा.

उभं राहायचं, एकाच हातात पिस्तूल, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. ७५ मिनिटांत ६० छर्रे. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढं.

महाभारतातल्या अर्जुनाला पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसत होता. इथे पहिल्या दिवशी उलटं शिकवतात. नळीच्या टोकावरच्या उंचवट्याला जुन्या मराठीत 'माशी' म्हणतात. नजर त्या माशीवर रोखायची, मागच्या खाचेत ती मधोमध आणि समतल बसवायची. लक्ष्य पुसट दिसलं तर दिसू द्यायचं. याचं गणित सोपं आहे. माशी आणि खाच यांच्यात ३० सेंटिमीटर अंतर धरलं आणि माशी एक मिलिमीटर हलली, तर दहा मीटरवर छर्रा तीन सेंटिमीटरहून जास्त भरकटतो, दहाच्या जागी सहा गुण मिळतात. उलट, माशी खाचेत नीट बसलेली असताना सगळा हात एक-दोन मिलिमीटर डुलला तर छर्राही जेमतेम तेवढाच सरकतो. म्हणजे हात थरथरला तरी चालतो, माशी सरकलेली चालत नाही. हे एकदा पटलं की निम्मी भीती जाते.

मग चाप. एअर पिस्तुलाचा चाप किमान अर्ध्या किलोचा. तो खेचायचा नसतो, हळूहळू दाबत न्यायचा असतो. 'आता मारते' असं मनात आलं की मनगटाला हिसका बसतो आणि उजव्या हाताच्या माणसाचा छर्रा खाली डावीकडे जातो. माझे पहिले दोन महिने सगळे छर्रे तिकडेच जमायचे. प्रशिक्षकांनी छर्राच काढून घेतला आणि पांढऱ्या भिंतीसमोर नुसता रिकामा चाप दाबायला लावलं, रोज वीस मिनिटं. अक्षर सुधारायला मुलांना एकेरी-दुहेरीच्या वहीत गिरवायला लावतात ना, अगदी तसंच. आणि दादांनो, हे लक्षात ठेवा: रिव्हॉल्व्हरच्या पाच किलोंच्या चापावर जो हिसका लपून राहतो, तो इथे उघडा पडतो.

सांगलीहून आई फोनवर म्हणाली, "अगं, पोळ्या लाटून हात दुखत नाही का तुझा, आणि हे काय आणखी?" हात दुखतो खरा, पण दोन मुलांच्या घरात जिथे कुणी हाक मारत नाही अशी ७५ मिनिटं मला दुसरीकडे कुठे मिळाली नाहीत.

त्यापुढे

एअर पिस्तुलावर हात बसला आणि पुढे जायचं असेल, तर २५ मीटर पिस्तूल. त्यात .२२ म्हणजे ५.६ मिलिमीटरचं काडतूस असतं. आधी कॅनेडियन फायरआर्म्स सेफ्टी कोर्स, मग निर्बंधित शस्त्रांचा दुसरा कोर्स, प्रत्येकाची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, पास व्हायला ८० टक्के. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावंच लागतं. वर सांगितलेलं संघटनेचं पत्र लागतं ते या टप्प्यावर.

कोर्समधले चार नियम तर प्रत्येक घरात माहीत असावेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवा. बोट चापापासून आणि चापाच्या कड्यापासून दूर ठेवा. बंदूक रिकामी आहे याची स्वतः खात्री करा.

अर्जात काही प्रश्न असे आहेत की आपल्याकडे ते कुणी तोंडावर विचारत नाही. आत्महत्येचा विचार कधी बोलून दाखवलात का, नैराश्यावर उपचार घेतलेत का? गेल्या दोन वर्षांत घटस्फोट झाला, नोकरी गेली, दिवाळं निघालं का? जोडीदाराची सही मागतात, आणि गेल्या दोन वर्षांतल्या आधीच्या जोडीदाराचीही. सही नसेल तर त्या व्यक्तीला कळवलं जातं. आपल्या एका परिचितांना याचा राग आला: "घरातल्या गोष्टी सरकारला कशाला?" मला मात्र हा अर्जातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. नवी नोकरी शोधणारा, थंडीत एकटा पडलेला, कुणापाशी बोलू न शकणारा माणूस आपल्या समाजातही असतो. त्याच्या घरात बंदूक नसलेली बरी. माझ्या घरी तो अर्ज आम्ही दोघांनी मिळून, प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून भरला. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यातलं काही आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच विचारत होतो.

दोन बायका, एक प्रकार

ज्या आया 'पाठवू का' विचारतात त्यांच्यासाठी दोन नावं. पहिलं लिंडा थॉम. ओटावाची ही बाई पॅरिसला 'कॉर्दों ब्ल'मध्ये स्वयंपाक शिकून आली होती, दोन मुलांची आई. मुलांसाठी नेमबाजी सोडली होती, पण १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांचं २५ मीटर पिस्तूल पहिल्यांदाच येणार असं कळल्यावर पुन्हा सुरू केली. लॉस एंजेलिसला अमेरिकेच्या रूबी फॉक्सशी तिची ५८५ वर बरोबरी झाली आणि शूट-ऑफमध्ये एका गुणाने तिने सुवर्ण जिंकलं. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये कॅनडाला १९६८ नंतर मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. तेव्हा तिचं वय ४० होतं.

दुसरं आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचं. जागतिक विजेती तेजस्विनी सावंत तिच्याच शाळेची, तिला पाहून राही या खेळात आली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्याच २५ मीटर पिस्तुलात, तीही शूट-ऑफमध्ये जिंकली आणि नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली.

तेव्हा मुलीला पाठवा, आणि जमलं तर तुम्हीही जा. पहिल्या भेटीत क्लबला तीन गोष्टी विचारा: नवशिक्यांसाठी प्रशिक्षक कोण, पिस्तूल आणि डोळ्यांचा चष्मा क्लब देतो का, आणि पालकांना आत बसून बघता येतं का. तिसऱ्याला 'नाही' म्हणाले तर दुसरा क्लब शोधा. एअर पिस्तूल घरी ठेवलं तर कुलपात ठेवा, पिशवीतून उघडं बाहेर काढू नका आणि आपल्या शहराचे नियम बघून घ्या.

हा अंक भारतात वाचणाऱ्या आजी-आजोबांना, काका-मावश्यांना एक विनंती. येताना नातवंडांसाठी खरं वाटेल असं खेळण्यातलं पिस्तूल बॅगेत टाकू नका. हुबेहूब नकली बंदुका इथे कायद्याने बंद आहेत, विमानतळावर जप्त होतील. टिकल्या तर विमानात आणायच्याच नाहीत. त्यापेक्षा चकलीचा सोऱ्या आणा. त्यालाही मनगट लागतंच.

पुढच्या वर्षी काय शिकूया ते नक्की कळवा. शुभ दीपावली!