उरलेलं नको, लागणारं औषध द्या

देवळ्यात माझं मेडिकल आहे. महिन्याची चिठ्ठी पुढे करून "सध्या पाचच दिवसांच्या द्या भाऊ, उमराण्याला कांदा गेला की बाकीच्या नेतो" म्हणणारी माणसं रोज येतात. मध्येच बीपीची गोळी बंद पडते, शुगर वाढून बसते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मोठा, पण तो मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर. रोजची गोळी त्यात बसत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे चांगलंच झालं. मात्र तिथला साठा संपला की चिठ्ठी बाहेरची येते आणि माणूस माझ्या काउंटरवर उभा राहतो.

इथे दानाची गरज आहे. दिल्लीत 'मेडिसिन बाबा' ओंकारनाथ शर्मांनी दारोदार फिरून औषधं जमवली. 2021 मध्ये मुंबईच्या डॉ. मार्कस आणि डॉ. रैना रॅनी यांनी कोविडनंतर उरलेली औषधं सोसायट्यांतून गोळा करून ग्रामीण भागाकडे पाठवली. त्यांच्या तळमळीला नमस्कार.

तरीही माझ्याकडे येणारी दानाची पिशवी उघडली की जीव धास्तावतो. कात्रीनं कापलेली स्ट्रिप, तिच्यावरची एक्सपायरी तारीख कापणाऱ्याच्या घरी राहिलेली. फोडलेलं खोकल्याचं औषध. उन्हात डिकीत तापलेलं इन्सुलिन. हे मी माझ्या आईला देणार नाही, मग मजुराच्या आईला कसं देऊ? जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की रुग्णाला दिलेलं औषध परत घेऊन दान करू नये आणि दानातल्या औषधाची किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये हजारो टन औषधं येऊन पडली. त्यात कुणी न मागितलेली इतकी होती, की ती नष्ट करणं हेच नवं काम होऊन बसलं.

म्हणून सुरुवात यादीपासून व्हावी. गरिबांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी दर महिन्याला लागणारी औषधं लिहून द्यावीत: एम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, दम्याचे इनहेलर. दात्यांनी ती जेनेरिक, सीलबंद आणि बिलासह घ्यावीत. बॅच नंबर आणि तारीख रजिस्टरवर चढावी. वाटप नोंदणीकृत फार्मासिस्टच्याच हातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हावं. एकदाच शिबिर घेऊन भागत नाही. बीपीची गोळी रोज लागते.

कांद्याची पट्टी हाती आली की आपण मंडळाला वर्गणी देतोच. तशीच एका रुग्णाच्या वर्षभराच्या गोळ्यांची जबाबदारी घ्या. डॉक्टरांनी यादी द्यावी, रजिस्टर मी सांभाळतो.